पुढची हेवीवेट फाईट कोण जिंकणार? अंदाज बांधायला नव्यानं शिकणाऱ्यांसाठी

आपल्या मराठवाड्यात मोबाईलवर बॉक्सिंग बघणारी पोरं आता बऱ्यापैकी झालीत, लातूर म्हणा नांदेड म्हणा परभणी म्हणा, मोठी फाईट जवळ आली की ग्रुपवर एकच प्रश्न, कोण मारणार? आणि उत्तर पण ठरलेलं, "तो बघ किती मोठाय, तोच मारणार." हेवीवेटमधे ह्या एका उत्तरानं जेवढे अंदाज बुडालेत तेवढे दुसऱ्या कशानंच बुडाले नसतील, म्हणून हे सगळं सविस्तर लिहायलोय. ज्यांनी आताच बघायला सुरुवात केलीय त्यांच्यासाठी आहे, जुन्या लोकांना ह्यातलं बरंच माहिती असेल.

खरं तर ही नजर आपल्याकडं आधीपासून आहे. माळेगावच्या यात्रेत नाहीतर गावच्या उरुसात कुस्तीची जोड लावताना जुनी माणसं निस्तं वजन बघत नाहीत. हा एकेरी पट काढणारा आहे, तो ढाकेवर भर देणारा, ह्याचा दम पाच मिनिटांनी सुटतो, त्याचा खांदा मागच्या फडात दुखावला होता, असं सगळं डोक्यात घेऊन सलामी व्हायच्या आधीच सांगतात की ही कुस्ती कुठल्या अंगानं जाईल. हरिश्चंद्र बिराजदार आणि काका पवारांचा लातूर जिल्हा, राहुल आवारेचा बीड जिल्हा, इथल्या माणसाला जोड म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. बॉक्सिंगमधे पण हेच करायचंय, हा भारी का तो भारी असं विचारायच्या ऐवजी ह्याची सवय त्याच्या सवयीला कुठं अडकते हे शोधायचंय. खाली जे जे सांगितलंय ते सगळं ह्या एका प्रश्नासाठी आहे.

पहिलं काम, खेळाचं गणित समजून घ्या

हेवीवेट म्हणजे २०० पौंडाच्या वर, साधारण ९०.७ किलोच्या वर कितीही. बाकी सगळ्या गटांना वरून हद्द असते, इथं नाही, त्यामुळं दोघांच्या वजनात वीस-पंचवीस किलोचा फरक असू शकतो आणि तरीबी फाईट कायदेशीर असते. २१ डिसेंबर २०२४ ला रियाधमधे टायसन फ्युरी २८१ पौंडाचा होता, ओलेक्सांद्र उसिक २२६ पौंडाचा, आणि तिन्ही जजनी ११६-११२ अशी फाईट उसिकला दिली. "मोठा तोच जिंकणार" म्हणणाऱ्यांनी हा एक निकाल तरी लक्षात ठेवावा.

टायटल फाईट १२ राउंडची असते, राउंड ३ मिनिटांचा, मधी १ मिनिट आराम. रिंगच्या कडेला तीन जज. राउंड जिंकला त्याला १०, हरला त्याला ९, आणि एखाद्यानं समोरच्याला पाडलं तर बहुतेक वेळा १०-८. म्हणजे कोणी पडलंच नाही आणि स्कोर ११५-११३ आला तर समजायचं ७ राउंड एकाचे, ५ दुसऱ्याचे. ११६-११२ म्हणजे ८ आणि ४. हा हिशोब बोटावर यायला पाहिजे, कारण हेवीवेटमधे एकदा पाडल्यानं सगळा निकाल फिरतो. १८ मे २०२४ ची उसिक-फ्युरी पहिली फाईट घ्या. जजचे कार्ड (पॉइंटचे कागद) होते ११५-११२ उसिक, ११४-११३ उसिक, ११४-११३ फ्युरी. नवव्या राउंडला उसिकनं फ्युरीला डाव्या हातानं असं हलवलं की तो दोरीवर कोलमडत गेला आणि रेफरीनं काउंट दिला, म्हणजे तो पडला असंच धरून आकडे मोजले, तो राउंड १०-८ गेला. तोच राउंड निस्ता १०-९ गेला असता तर तीन कार्डावर तीन वेगळे निकाल, म्हणजे फाईट ड्रॉ. चार मोठ्या संघटनांच्या चार बेल्टांच्या जमान्यातला पहिला निर्विवाद (चारही बेल्टवाला) हेवीवेट चॅम्पियन त्या एका पॉइंटवर ठरला.

म्हणून फाईट जाहीर झाली की आधी बघा, किती राउंडची आहे. १० राउंडची असंल तर हळूहळू गाडी धरणाऱ्याचा तोटा, १२ ची असंल तर पहिल्या चार राउंडमधेच सगळा दम काढणाऱ्याचा तोटा.

दुसरं, रेकॉर्ड वाचायला शिका

बॉक्सरेक ह्या वेबसाइटवर कुठल्याबी बॉक्सरचं नाव टाकलं की सगळी कुंडली येते. तिथं आकडे दिसतात, जसं ४२-०-१, म्हणजे ४२ जिंकल्या, एकही हरला नाही, १ ड्रॉ. हे होतं डिऑन्टे वाइल्डरचं रेकॉर्ड फेब्रुवारी २०२० मधे, त्यातल्या ४१ नॉकआउट, म्हणजे राउंड पूर्ण व्हायच्या आधीच संपवलेल्या. आता हा आकडा बघून कोणीबी म्हणंल की ह्याला कोण हरवणार? फ्युरीनं सातव्या राउंडला थांबवलं, वाइल्डरच्या कोपऱ्यातून टॉवेल आला, म्हणजे त्याच्याच माणसांनी हार मानली.

आकडा खोटा नव्हता, तो अर्धवट होता. रेकॉर्डमधे बघायचं ते असं: मागच्या चार-पाच फाईट कोणासोबत झाल्या, ते समोरचे लोक त्या वेळी चालू फॉर्मात होते का उतरणीला लागलेले, किती राउंड गेले, आणि दोन फाईटच्या मधी किती महिने गेले. वर्ष-दीड वर्ष रिंगमधे न आलेला माणूस पहिल्या तीन-चार राउंडला टायमिंगला कमी पडतो, हे पुन्हा पुन्हा दिसतं. निकालाच्या पुढची अक्षरं पण ओळखा. यूडी म्हणजे तिन्ही जज एका बाजूनं. एसडी म्हणजे दोन एकीकडं एक दुसरीकडं. एमडी म्हणजे दोघांनी एकाला दिली, तिसऱ्यानं बरोबरी. टीकेओ म्हणजे रेफरीनं, डॉक्टरनं नाहीतर कोपऱ्यानं थांबवली. आरटीडी म्हणजे दोन राउंडच्या मधी स्टुलावरून उठलाच नाही. शेवटचं दिसलं तर थांबून विचार करा, तो माणूस शरीरानं थकला होता, जखमी होता का मनानं, हे त्या फाईटमधे जाऊन बघावं लागतं.

हारलेल्या फाईटला घाबरू नका, उलट माहिती तिथंच असते. डॅनियल दुबुआला उसिकनं ऑगस्ट २०२३ मधे नवव्या राउंडला थांबवलं तेव्हा लई लोकांनी त्याला मनातून काढून टाकलं, म्हणले ह्याच्यात हिंमतच नाही. मंग त्यानं जॅरेल मिलरला थांबवलं, फिलिप हर्गोविचला थांबवलं, आणि २१ सप्टेंबर २०२४ ला वेम्ब्लीवर अँथनी जोशुआला पाचव्या राउंडला झोपवलं. हारल्यावर माणूस काय करतो, तेच करत बसतो का काही बदलतो, ह्याच्यावर नजर ठेवा.

तिसरं आणि सगळ्यात मोठं काम, फाईट पूर्ण बघा

हायलाइट बघून अंदाज बांधू नका, हे मी हात जोडून सांगायलोय. हायलाइट म्हणजे कोणीतरी त्याच्या सगळ्यात चांगल्या दोन मिनिटांची केलेली जाहिरात. त्यात तो कोणाला कसा पाडतो हे दिसतं, पण त्याच्या आधी सात राउंड तो जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) खात होता का, हे दिसत नाही.

दोघांच्या प्रत्येकी तीन फाईट निवडा. एक जी त्यानं आरामात जिंकली, एक जिथं तो अडचणीत आला (हारला असंल तर तीच), आणि एक सगळ्यात अलीकडची. ह्या तीनमधली अडचणीतली फाईट दोनदा बघा. वेळ लागतो, एका फाईटला पाऊण तास धरा, डेटा पण जातो, वायफाय असंल तिथं डाउनलोड करून घ्या. बघताना आवाज बंद करा. कॉमेंट्री करणारे लोक आधीच कोणाच्यातरी बाजूनं बोलत असतात आणि आपल्याला कळत पण नाही की आपण डोळ्यानं बघायच्या ऐवजी कानानं बघायलोय.

पहिल्यांदा बघताना एकाच माणसाकडं बघा, आणि त्यातबी पायाकडं. हातांकडं सगळे बघतात. पाय सांगतात की पंच मारून झाल्यावर तो तिथंच उभा राहतो का बाजूला सरकतो, मागं जाताना सरळ रेषेत जातो का वळून, दमल्यावर पाय जवळ जवळ येतात का. हेवीवेटमधे सरळ मागं जाणं लई महाग पडतं कारण शंभर किलोचा माणूस पुढं येताना त्याचा उजवा हात सोबत घेऊन येतो. मंग जॅब बघा. जॅब निस्ता टच करायला मारायलाय, का समोरच्याचं डोकं मागं जातंय? जॅब मारून हात हनुवटीकडं परत येतो का कमरेजवळून येतो? हात खालून परत येत असंल तर त्याच्यावरून उजवा बसणार हे लिहून ठेवा. जोशुआला १ जून २०१९ ला न्यूयॉर्कमधे अँडी रुईझनं पाडलं तेव्हा बघा काय झालं, तिसऱ्या राउंडला जोशुआनंच रुईझला पाडलं होतं, मंग घाई करून तो जवळ गेला आणि जवळच्या अंतरावर रुईझचे हात त्याच्यापेक्षा लवकर सुटत होते. लांबून जोशुआ, जवळून रुईझ. त्याच वर्षी ७ डिसेंबरला सौदीत रिमॅच झाली, जोशुआनं बारा राउंड लांबूनच जॅब मारत काढले आणि आरामात जिंकला. माणसं तीच, निस्तं अंतर बदललं.

तिसरी गोष्ट, मार बसल्यावर तो काय करतो. काही जण मिठी मारून वेळ काढतात, ही कला आहे, हेवीवेटमधे तर लईच कामाची, फ्युरी ह्यात उस्ताद. काही जण रागानं उलट मारायला जातात आणि दुसरा पंच खातात. काही जण चेहऱ्यावर काहीच दाखवत नाहीत पण हात खाली यायला लागतात. आणि चौथी गोष्ट म्हणजे सातव्या राउंडनंतरचा माणूस. तोंड उघडं पडलंय का, पंचाची संख्या कमी झाली का, मिठी वाढली का. उसिक शेवटच्या चार-पाच राउंडला वेग वाढवतो, त्याच्याविरुद्ध ज्यानं कधी बारा राउंड बघितलेच नाहीत त्याच्यावर भरवसा ठेवताना दहादा विचार करावा.

जमलं तर एकदा तरी बॉक्सिंग समोरून बघा. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धांत बॉक्सिंग असतं. तिथं हेवीवेट नसले तरी अंतर म्हणजे काय, आणि जॅब चुकवायला किती कमी वेळ असतो, हे रिंगच्या कडेला पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं.

चौथं, आता जोड लावा

इथं आलं की दोघांच्या फाईट बघताना लिहिलेल्या दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या. ह्याची ताकद त्याच्या कमजोरीवर पडते का, आणि उलट.

ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण पन्नास वर्षांपूर्वीचं आहे आणि नव्या माणसानं ते आधी अभ्यासावं. जो फ्रेझिअरनं मार्च १९७१ मधे मुहम्मद अलीला हरवलं. केन नॉर्टननं मार्च १९७३ मधे अलीला हरवलं, जबडा पण मोडला. जॉर्ज फोरमननं फ्रेझिअरला जानेवारी १९७३ मधे दोन राउंडमधे सहा वेळा पाडून संपवलं, आणि मार्च १९७४ मधे नॉर्टनला पण दुसऱ्याच राउंडला. आता साधं गणित काय सांगतं? अलीला ज्या दोघांनी हरवलं त्या दोघांना ह्यानं चुरडलं, म्हणजे हा अलीला चुरडणारच. वर अली ३२ चा, फोरमन २५ चा. ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात अलीनं आठव्या राउंडला फोरमनला नॉकआउट केलं.

कारण बघा. फ्रेझिअर खाली वाकून सरळ पुढं यायचा, म्हणजे फोरमनच्या अपरकटच्या (खालून वर येणाऱ्या पंचाच्या) रस्त्यातच. त्याला शोधायची गरजच पडली नाही. नॉर्टन पण दबावाखाली मागं गेला की उघडा पडायचा. अलीनं फोरमनला लांबून सरळ उजव्या हातानं मारलं, जवळ आला की मान धरून खाली दाबलं, आणि दोरीला टेकून त्याचे पंच दंडावर-कोपरावर घेत त्याला दमवलं. फोरमनला लांब फाईट करायची सवयच राहिली नव्हती कारण समोरचे लवकर पडायचे. क ला ख नं हरवलं, ख ला ग नं हरवलं, म्हणून ग हा क ला हरवणार, ही साखळी बॉक्सिंगमधे लावू नका.

जोड लावताना मी हे प्रश्न विचारतो, क्रम असाच असावा असं काही नाही. कोण कोणाला मागं ढकलणार? वाइल्डर पुढं जाताना भयंकर होता पण मागं जाताना त्याच्या उजव्या हाताची ताकद अर्ध्यावर यायची, म्हणून फ्युरीनं दुसऱ्या फाईटला २७३ पौंड वजन घेऊन पहिल्या घंटीपासून त्याच्यावर चाल केली. पहिल्या फाईटला, डिसेंबर २०१८ ला, तोच फ्युरी बाजूबाजूनं नाचत होता, दोनदा पडला, आणि ड्रॉ झाली.

डावखुरा आहे का? डावखुऱ्याला साउथपॉ म्हणतात, उजवा पाय पुढं, डावा हात मागून येतो. आयुष्यभर उजव्यांसोबत खेळलेल्या माणसाला तो सरळ डावा हात कुठून आला हेच कळत नाही. जो जॉइसचं बघा, १५-०, डोक्यावर पंच घेत पुढं चालत जायचा आणि समोरचा थकला की मोडायचा, सगळ्यांवर चाललं. एप्रिल २०२३ मधे समोर आला झँग झिलेई, डावखुरा, जड डावा हात. जॉइस आपला नेहमीसारखा पुढं चालत गेला, उजवा डोळा सुजून बंद झाला, सहाव्या राउंडला फाईट थांबवली. सप्टेंबरमधे परत खेळले, तिसऱ्याच राउंडला संपलं. साउथपॉसमोर कोणाचा पुढचा पाय बाहेरच्या बाजूला पडतो हे मोजा, ज्याचा पाय बाहेर त्याचा मागचा हात मोकळा.

हाताची लांबी कागदावर बघून मोजू नका, वापरली जाते का ते बघा. फ्युरीची रीच ८५ इंच, उसिकची ७८, पण उसिक अर्धं पाऊल आत, अर्धं पाऊल बाहेर असं सतत करत राहतो आणि लांब हाताला थांबून नेम धरायला वेळच देत नाही. पोटावर कोण मारतं हे पण बघा, नवे लोक हे हमखास विसरतात. पोटावरचे पंच हायलाइटमधे येत नाहीत पण नवव्या राउंडला हात खाली येतात ते त्याच्यामुळंच.

पाचवं, फाईटच्या आठवड्यात काय बघायचं

वजन. हेवीवेटला वजन उतरवायचं नसतं, म्हणून काटा माणसाची तयारी सांगतो. त्याच्याच जुन्या वजनासोबत तुलना करा. रुईझ जोशुआला हरवताना २६८ पौंड होता, सहा महिन्यांनी रिमॅचला २८३.५. तयारी झाली नव्हती हे काट्यावरच दिसलं. पण उलटं पण ध्यानात ठेवा, बारीक दिसला म्हणजे तयार झाला असं नाही. ऑक्टोबर १९८० मधे ३८ वर्षांचा अली लॅरी होम्ससमोर आला तेव्हा एकदम सडपातळ दिसत होता, लोक खूश झाले, आणि रिंगमधे त्याच्या अंगात काहीच नव्हतं, दहा राउंडनंतर कोपऱ्यानं थांबवलं. त्याच वर्षी जानेवारीत तो दिल्लीत आला होता आणि आपल्या कौरसिंगसोबत प्रदर्शनी फाईट खेळला होता, तेच कौरसिंग ज्यांनी नंतर १९८२ च्या एशियाडला हेवीवेटचं सोनं जिंकलं.

वय वाढलं की आधी पाय जातात, मंग रिफ्लेक्स, पंचाची ताकद सगळ्यात शेवटी जाते. ४५ वर्षांचा फोरमन नोव्हेंबर १९९४ मधे मायकल मूररसमोर नऊ राउंड मागं होता, दहाव्याला एक सरळ उजवा आणि चॅम्पियन. म्हाताऱ्या जड पंचवाल्याला शून्य टक्के कधीच देऊ नका.

जागा. एप्रिल २००१ मधे लेनॉक्स लुईस दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रॅकपनला खेळला, ते समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर, म्हणजे दम लवकर लागणार, तो तिथं उशिरा पोचला, हसीम रहमान बऱ्याच आधी जाऊन सराव करत होता. पाचव्या राउंडला एका उजव्या हातानं काम झालं. नोव्हेंबरमधे रिमॅच झाली तर लुईसनं चौथ्यात त्याला तसंच झोपवलं. आणि जागेवरून जज पण आठवतात. पॉइंटवर निकाल जाईल असं वाटत असंल तर फाईट कोणाच्या गावात आहे, प्रमोटर कोणाचा, हे बघा. मार्च १९९९ ला लुईस-होलिफिल्ड न्यूयॉर्कमधे ड्रॉ दिली गेली, लुईस सरळ सरळ पुढं होता असं बघणाऱ्या बहुतेकांचं मत होतं. काही बॉक्सरना मात्र परक्या गावाचा फरक पडत नाही. उसिकनं रिगामधे ब्रीडिसला, मॉस्कोत गासिएव्हला, मँचेस्टरला बेल्यूला, लंडनला जोशुआला, सगळ्यांना त्यांच्याच लोकांसमोर हरवलंय.

आणि शेवटच्या आठवड्यात समोरचा माणूस तोच आहे ना हे परत तपासा. रुईझ मुळात बदली म्हणून आला होता, मिलर डोप टेस्टमधे अडकला म्हणून. बदली आला की आधीची सगळी वही बाजूला, परत पहिल्यापासून.

भाव बघा, पण पैसे लावू नका

बाहेर देशात बुकी भाव काढतात, तो भाव म्हणजे हजारो लोकांच्या मताची बेरीज, म्हणून माहिती म्हणून वाचायला हरकत नाही. १.२५ असा भाव असंल तर १ ला १.२५ नं भागा, ८० टक्के. समोरच्याचा ४.०० असंल तर २५ टक्के. बेरीज १०५ झाली, ती वरची ५ बुकीची कमाई. तुमचा अंदाज आणि भाव ह्यात लई फरक असंल तर एकदा परत फाईट बघा, काहीतरी सुटलेलं असू शकतं, नाहीतर तुम्हाला खरंच काहीतरी दिसलेलं असू शकतं. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसचा भाव ४२ ला १ होता आणि त्यानं माईक टायसनला दहाव्या राउंडला नॉकआउट केलं. ज्यानं डग्लसचा जॅब आणि त्याची उंची टायसनसमोर मांडून बघितली असती त्याला तो निदान दहा टक्के तरी वाटला असता.

पैशाबाबत स्पष्ट बोलतो. ऑनलाईन पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणणारा कायदा ऑगस्ट २०२५ मधे संसदेत झालाय, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. टेलिग्रामवर "फिक्स फाईट, शंभर टक्के" म्हणून टिप विकणारे सगळे खोटे, ज्याला निकाल माहिती असता तो पाचशे रुपयाला तुम्हाला विकत बसला नसता. सोयाबीनचे पैसे, हॉस्टेलच्या मेसचे पैसे असल्या ॲपात गेलेली पोरं आपल्याकडं आहेत. अंदाज बरोबर आल्याचा आनंद वहीत पण तेवढाच मिळतो.

अंदाज लिहायचा कसा

घंटी वाजायच्या आधी लिहायचा, तारखेसह. निस्तं नाव नको. कोण, कसा (पॉइंटवर का थांबवून), साधारण कुठल्या राउंडच्या आसपास, किती टक्के खात्री, कारण, आणि कुठली गोष्ट झाली तर अंदाज फिरंल. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

उदाहरण म्हणून १९ जुलै २०२५ ची उसिक-दुबुआ दुसरी फाईट घ्या, वेम्ब्ली. दुबुआ तरुण, जड उजवा हात, पुढं येणारा, तीन फाईट ओळीनं थांबवून आलेला. उसिक ३८ वर्षांचा, साउथपॉ, वळून खेळणारा. जोड लावली तर दिसतं की दुबुआला मारायला जवळ यावं लागणार, आणि जवळ येताना तो सरळ रेषेत येतो, म्हणजे उसिकच्या डाव्या हाताच्या रेषेत. वहीत असं लिहिता आलं असतं: उसिक, दुसऱ्या अर्ध्यात थांबवून, ७५ टक्के, कारण दुबुआ सरळ येतो आणि उसिक बाजूला वळतो. अंदाज फिरंल जर पहिल्या चार राउंडला दुबुआनं उसिकला दोरीजवळ धरून पोटावर मारलं तर. झालं काय, उसिकनं पाचव्याच राउंडला डाव्या हातानं संपवली. राउंड लवकरचा निघाला पण कारण तेच निघालं, आणि वहीत कारण बरोबर आलं की त्याच्या शेजारी खूण करायची. नाव बरोबर आणि कारण भलतंच, असं झालं तर मात्र खूण करू नका. आणि ७० टक्के म्हणून लिहिलेल्या दहा अंदाजांतले तीन चुकले तर त्याचा अर्थ तुमची टक्केवारी बरोबर चाललीय.

टाइम पण बघून ठेवा. लास वेगासची शनिवार रात्रीची मेन फाईट आपल्याकडं रविवारी सकाळी साडेआठ-नऊच्या पुढं, लंडनची आणि रियाधची बहुतेक रविवारच्या पहाटे दोन ते चारच्या मधी. गावाकडं लाइटचा भरवसा नसंल तर मोबाईल आधी चार्ज. बघताना कागदावर दर राउंडला स्वतः १०-९ लिहा, राउंड संपल्या संपल्या, कॉमेंट्रीतला स्कोर ऐकायच्या आधी.

पुढची मोठी फाईट यायच्या आधी सराव करायचा असंल तर दोन फाईट सांगतो, निकाल माहिती नसंल तर तो आधी बघू नका, सर्च करताना पण स्क्रीनचा खालचा भाग झाकून घ्या. पहिली, डिलियन व्हाईट आणि अलेक्झांडर पोवेत्किन, ऑगस्ट २०२०. चौथा राउंड संपला की पॉज करा आणि वहीत कोण, कसा, किती टक्के सगळं लिहा. दुसरी, फॅबियो वॉर्डली आणि जोसेफ पार्कर, ऑक्टोबर २०२५, लंडन. तिथं दहावा राउंड संपला की पॉज, आतापर्यंतचा स्वतःचा स्कोर जोडा, दोघांच्या पायाकडं परत एकदा बघा, लिहा, आणि मंग प्ले दाबा.